चार शाखा आणि एक अर्ज

आमच्या सावेडीत जून-जुलै उजाडला की दोन गोष्टी न चुकता येतात. एक पाइपलाइन रोडवरचा चिखल आणि दुसरी बी.एस्सी. झालेली मुले. चिखल निदान रस्त्यावर राहतो. मुले थेट आमच्या दिवाणखान्यात येऊन बसतात. मी चौतीस वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवले, एवढाच माझा गुन्हा. प्रोफेसर कॉलनी चौकात कुणालाही विचारा, "केमिस्ट्रीचे सर कुठे राहतात?" पानवाला मान वर न करता बोट दाखवतो. मुलामागे आई असते, आईच्या हातात पेढ्यांचा पुडा असतो आणि पुड्यामागे दरवर्षी तोच प्रश्न असतो : "सर, एम.एस्सी.ला कुठली ब्रँच घ्यायची?"

गेली दहा-बारा वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर देत नव्हतो. पेढे घेत होतो, चहा देत होतो आणि "बघा, तुमच्या आवडीप्रमाणे ठरवा" असे म्हणून सुटका करून घेत होतो. असे का, ते पुढे सांगतो.

यंदा आली ती शेजारच्या भाऊसाहेबांची थोरली. भाऊसाहेब बँकेत आहेत. मूळचे नेवासे तालुक्यातले. मुळेच्या कालव्यावर चार एकर ऊस आहे आणि तो अजून त्यांचे वडील, म्हणजे आबा, पाहतात. थोरलीला बी.एस्सी.ला चांगले मार्क पडलेले. ती एकटी आली नाही. भाऊसाहेब बरोबर, वहिनी बरोबर, आणि पेढे तर होतेच. भाऊसाहेबांनी बसता बसताच निकाल जाहीर केला.

"सर, हिला ऑरगॅनिक घ्यायला सांगा. इथं नागापूर एमआयडीसीत औषधाचे कारखाने आहेत. घरून डबा घेऊन जाईल, संध्याकाळी परत येईल. ही म्हणते, फिजिकल! तुमचं ऐकेल ती."

"आणि दोन वर्षांत स्थळंही बघायची आहेत," वहिनींनी हळूच पुस्ती जोडली.

मुलगी काहीच बोलली नाही. ती माझ्या कपाटातल्या काचेच्या एका नळीकडे पाहत होती. ती पोलरिमीटरची नळी. कडेला तडा गेला म्हणून ती निर्लेखित झाली होती आणि मी निवृत्त झालो त्या दिवशी लॅबमधल्या शिपायाने ती मला आठवण म्हणून कागदात गुंडाळून दिली होती. तोही निर्लेखित, मीही निर्लेखित, असा त्याचा काही विनोद असावा.

आता ज्यांच्या घरी हा प्रसंग अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी फोड करतो. बी.एस्सी.पर्यंत रसायनशास्त्र हे एकत्र कुटुंब असते. सगळे एका पंगतीला जेवतात. एम.एस्सी.ला वाटण्या होतात. आमच्या वेळी पुणे विद्यापीठात पहिले वर्ष सर्वांना सारखे असे आणि दुसऱ्या वर्षी मुले आपापल्या वाटेने जात. आता बऱ्याच ठिकाणी दारातच विचारतात, कुठल्या घरात जाणार? (या विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे आमच्या नगरात मिस फरार यांच्याकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. तेव्हा विद्यापीठ पुण्याचे असले तरी त्याच्या नावात थोडे नगर आहे, असे मी मुलांना सांगत असे. गावाचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले. पण आमच्या तोंडची सवय मोडायला वेळ लागणार.)

घरे मुख्यतः चार. पहिले ऑरगॅनिक, म्हणजे सेंद्रिय. सेंद्रिय म्हटले की हल्ली लोकांना गूळ आणि पालेभाजी आठवते. इथे अर्थ निराळा. कार्बनच्या संयुगांचे शास्त्र ते हे. ही संयुगे सजीवांच्या देहातच तयार होतात, माणसाच्या हातून होणे नाही, अशी पूर्वी समजूत होती. १८२८ साली व्होलर या जर्मन रसायनज्ञाने प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि त्या समजुतीला पहिली चीर पडली. तोच युरिया आज आमच्या तालुक्यांत पोत्यांनी येतो. १८५६ साली पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा लंडनमध्ये घरच्या घरी क्विनाइन बनवायला गेला आणि हाती आला जांभळा रंग. त्यातून रंगांचे कारखाने निघाले, आणि त्या कारखान्यांच्या पोटातून पुढे औषधांचे. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची शेतातली नीळ मेली. या शाखेचा हात असा लांबवर पोचतो. म्हणून नोकऱ्याही तिथेच जास्त. भाऊसाहेब चुकीचे बोलत होते असे मुळीच नाही.

दुसरे घर इनॉरगॅनिक. कॉलेजातून गेलेल्या प्रत्येकाला यातला एक वास आठवत असेल : मिठाच्या परीक्षणात सोडायचा तो वायू, कुजक्या अंड्यांचा. त्या वासाने कित्येक मुले वाणिज्य शाखेला गेली असे माझे मत आहे. पण याच घरात मेंडेलीव्ह राहतो. त्याने १८६९ साली मूलद्रव्यांचा तक्ता मांडला, त्यात रिकाम्या जागा ठेवल्या आणि इथे कोण येऊन बसणार तेही सांगून टाकले. सहा वर्षांत त्यांतले गॅलियम खरोखरच सापडले. रक्तातल्या लोहाचे आणि पानातल्या मॅग्नेशियमचे कोडे इथलेच. कर्करोगावर दिले जाणारे सिसप्लॅटिन हे औषध म्हणजे प्लॅटिनमचे एक संयुग. ते एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. पण त्याने पेशींचे विभाजन थांबते हे कळायला १९६५ साल उजाडले, आणि तेही विजेचा परिणाम पाहताना, चुकून.

चौथे घर आधी सांगतो, कारण तिसऱ्यात मला वेळ लागणार आहे. चौथे ॲनालिटिकल. म्हणजे कशात काय आहे आणि किती आहे, हे शोधण्याची विद्या. आमच्या वेळी लोक हिला शाखा मानायलाच तयार नव्हते. "टायट्रेशन काय, कुणीही करील!" आज दवाखान्यातला रक्ताचा रिपोर्ट, दुधातली भेसळ, औषधाच्या गोळीतली मात्रा, पिण्याच्या पाण्यातला फ्लोराइड, सगळे हिच्या हातात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून हिरव्या पानांचा अर्क खाली सोडला. वाटेत त्याचे निरनिराळ्या रंगांचे पट्टे झाले. हिरवा म्हणून जो एक रंग आपण समजतो, तो एक नव्हताच. त्या साध्या नळीची नातवंडे आज लाखो रुपयांची यंत्रे होऊन कारखान्याकारखान्यात उभी आहेत.

आणि तिसरे घर फिजिकल. हे माझे.

मी १९७६ साली भौतिक रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालो. का घेतले, ते सांगायचे तर त्या कपाटातल्या नळीपाशी जावे लागते. साखरेचे द्रावण अशा नळीत भरतात आणि सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश, एकाच प्रतलात कंप पावणारा असा गाळून, त्यातून सोडतात. साखर त्या प्रतलाला उजवीकडे वळवते. दहा टक्के साखर आणि वीस सेंटिमीटरची नळी असेल तर तेरा अंशांहून थोडे जास्त. आता त्या साखरेत थोडे आम्ल घाला. डोळ्यांना काही दिसत नाही. वास नाही, रंग नाही, बुडबुडा नाही. पण दर दहा मिनिटांनी नळीतून पाहावे तर आकडा उतरत जातो. बारा, दहा, सात... मग शून्य होतो. आणि शून्यावर थांबत नाही. प्रकाश डावीकडे वळू लागतो! दुसऱ्या दिवशी पाहाल तर चारेक अंश डावीकडे. साखरेच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झालेले असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज उजवीकडे ओढते, फ्रुक्टोज त्याहून जोराने डावीकडे. नवराबायकोच्या भांडणात कोण जिंकले ते शेजाऱ्याला आवाजावरून कळावे, तसे हे.

१८५० साली विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसाने हेच केले आणि रासायनिक क्रियेचा वेग प्रथमच गणितात बसवला. दर क्षणी जेवढी साखर शिल्लक, तेवढ्या प्रमाणात तिचे मोडणे. त्याचा निबंध पुढे कित्येक वर्षे कुणी वाचला नाही. आर्हेनियसचेही तसेच; १८८४ साली त्याच्या प्रबंधाला उपसाला विद्यापीठाने जेमतेम पास होण्यापुरता शेरा दिला आणि त्याच कामावर १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो. मागच्या बाकावरची मुले ती फार मन लावून ऐकत.

मी लॅबमध्ये पहिल्यांदा तो आकडा शून्य ओलांडून पलीकडे गेलेला पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. न दिसणारी गोष्ट मी घड्याळ लावून मोजत होतो. त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहून शाखा कळवली. वडिलांनी उत्तरात एवढेच विचारले होते की, यात फी वेगळी आहे का?

तर आता मी उत्तर का देत नव्हतो ते.

२०१२ साली माझा भाचा असाच पेढे घेऊन आला होता. बहिणीचा एकुलता मुलगा. त्याला मी हीच साखरेची गोष्ट सांगितली, इतक्या रंगून की चहा गार झाला. त्याने फिजिकल घेतले. २०१४ साली तो चांगल्या मार्कांनी पास झाला आणि मग चार वर्षे एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवीत राहिला. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही ते भाग्यवान. जितके तास घ्याल तितके पैसे, सुटीचे पैसे नाहीत, आणि ते पैसेही हाती पडायला कधी कधी वर्ष लोटते. कारखान्यांत मुलाखतीला गेला तर तिथे विचारीत, अमुक अभिक्रियेचे नाव सांगा, तमुक औषध किती पायऱ्यांत बनते? त्याला यायचे नाही. तीन ठिकाणांहून परत आला. बहिणीने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त एका भाऊबिजेला ओवाळताना ती म्हणाली, "दादा, तुझ्या त्या साखरेचं पुढे काय झालं रे?" पुढे २०१८ मध्ये त्याला नागापूरला एका कारखान्यात नोकरी लागली. पण माझ्या घरी त्याचे येणे सणावारापुरते राहिले. मीही कधी विषय काढला नाही. लोकांना "आवडीप्रमाणे ठरवा" असे सांगत बसलो.

त्या दिवशीही मी तेच सांगणार होतो. तोंड उघडलेही होते. तेवढ्यात त्या मुलीने विचारले, "सर, ऊस तोडल्यावर गाडीत उभा राहतो, तेव्हा त्याच्यात हेच होतं ना? इन्व्हर्जन?"

मी म्हणालो, "हो. पण तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आबा दरवर्षी म्हणतात, तोड झाली की रात्र वैऱ्याची. गाड्या लायनीत दोन-दोन दिवस उभ्या राहतात आणि वजन घटतं. मी प्रॅक्टिकलला आकडा उलटा जाताना पाहिला आणि मला वाटलं, नुसतं वजन घटत नसणार."

वाचकहो, चौतीस वर्षांत मी हा प्रयोग शेकडो मुलांकडून करून घेतला. सारा जिल्हा उसाचा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला आता सत्तर-पंचाहत्तर वर्षे होतील. त्यानंतर तालुक्यातालुक्यात धुराडी उठली. माझ्या वर्गातली निम्मी मुले उसाच्या पैशावर शिकत होती. पण हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि, खरे म्हणजे, मलाही तो सुचला नाही. मी जर्मनीतला विल्हेल्मी सांगत राहिलो. नेवाशाची गाडी सांगितली नाही.

मुलगी अगदी बरोबर बोलली होती. तोडलेल्या उसात इन्व्हर्टेज नावाचे विकर असते, ते साखर मोडू लागते. वर तोडीच्या जागेतून जंतू शिरतात, ते आणखी भर घालतात. मोडलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जाते. उन्हाळ्याकडे हा वेग वाढतो. तापमान चढले की क्रिया वेगाने होते, हे आर्हेनियसनेच गणितात घालून दाखवले. उसाचा दर साखर उताऱ्यावर ठरतो, मूळ उतारा १०.२५ टक्के धरून. म्हणजे आबांची रात्र वैऱ्याची आहे ती अक्षरशः, आणि ती वेळ मोजता येते.

भाऊसाहेब म्हणाले, "ते ठीक आहे सर, पण उसाच्या गाडीवर थोडीच हिला नोकरी मिळणार?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग मी जे बारा वर्षांत केले नव्हते ते केले. भाच्याला फोन लावला आणि म्हणालो, "रविवारी येऊ का? एकटा नाही, चौघेजण आहोत."

भाचा भिस्तबाग चौकाच्या पलीकडे राहतो. रविवारी आम्ही गेलो. वाटेत वहिनींना मी कमलाबाई सोहोनींची हकिकत सांगितली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. होऊन बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला तर संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. ते म्हणाले, मुलींना प्रवेश नाही. ही बाई तिथे जाऊन उभी राहिली. शेवटी रामननी घेतले, पण पहिले वर्ष उमेदवारीचे, काम पसंत पडले तरच पुढे. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. मिळवली, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींतही सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले. पुढे मुंबईत निरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले आणि ज्या विज्ञान संस्थेत शिकवले, तिच्याच त्या संचालक झाल्या.

मला वाटले, वहिनी भारावतील. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या वडिलांना केमिस्ट्री ठाऊक असेल."

आणि ते खरेच होते. कमलाबाईंचे वडील आणि काका, दोघेही बंगलोरच्या त्याच संस्थेत शिकलेले रसायनज्ञ. मी हे सांगितल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "मग बघा. आमच्याकडं हिला कोण सांगणार? म्हणून तर तुमच्याकडं आणली." थोर स्त्रियांच्या गोष्टी सांगून मोकळे होणाऱ्या माझ्यासारख्यांना हे बोलणे चांगलेच झोंबावे असे होते.

भाच्याने दार उघडले, मला वाकून नमस्कार केला, सगळ्यांना बसवले. मग त्याने मुलीशी जे बोलणे केले, तसे मी आयुष्यात एकाही विद्यार्थ्याशी केले नव्हते. तो गुणवत्ता नियंत्रण विभागात आहे. औषधाचा प्रत्येक घाण बाहेर जाण्याआधी तपासायचा. यंत्राचे नाव एचपीएलसी. त्स्वेतच्या त्या नळीचे पोलादी नातवंड. नमुना प्रचंड दाबाने नळीतून ढकलतात, घटक एकामागून एक बाहेर पडतात आणि पडद्यावर प्रत्येकाची एक टेकडी उमटते. टेकडी किती वेळाने आली त्यावरून कोण ते कळते आणि तिचे क्षेत्रफळ किती त्यावरून मात्रा. शिफ्ट कशा असतात, बस कुठून सुटते, उभे राहून पाय किती दुखतात, तपासणीला परदेशचे अधिकारी आले की एकेका नोंदीचा कसा कीस काढतात, मुली किती आहेत, बढती किती वर्षांनी, सगळे त्याने सांगितले. सुरुवातीचा पगार त्याने कागदावर लिहून दाखवला. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तो आकडा पुन्हा एकदा वाचला. त्यांच्या मनात बराच मोठा आकडा होता.

"ऑरगॅनिकवाल्यांना जास्त मिळतो का?" त्यांनी विचारले.

"सुरुवातीला सगळ्यांना सारखाच. जागा मात्र त्यांना जास्त असतात. पण अर्जही त्यांचेच जास्त."

मुलीने विचारले, "दादा, तुम्हाला शेवटी नोकरी कशी मिळाली?"

भाचा जरा थांबला. मग म्हणाला, "मुलाखतीच्या दिवशी त्यांचं यंत्र बंद पडलं होतं. पडद्यावरची रेघ सरकत होती. मला विचारलं, कशानं होत असेल? मी म्हटलं, खोलीतला एसी बंद आहे, तापमान बदलतंय, म्हणून. ते फिजिकलमधलंच होतं."

मला बरे वाटले. ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे, कारण तो माझ्याकडे वळला.

"मामा, तुम्ही मला फिजिकल घ्यायला सांगितलंत त्याचा मला राग नव्हता. अजूनही मला तोच विषय आवडतो. पण तुम्ही मला फक्त तो का आवडावा ते सांगितलंत. पुढं काय होतं ते सांगितलं नाहीत. तुम्हाला ते ठाऊकच नव्हतं. तुम्हाला शहात्तर साली पास झाल्या झाल्या नोकरी मिळाली होती."

खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. भाच्याची बायको पोहे घेऊन आली आणि सर्वांनी ते जरुरीपेक्षा जास्त मन लावून खाल्ले. मी काय बोलणार? मी म्हणालो, "खरं आहे." बारा वर्षे जे बोलायचे राहिले होते, ते दोन शब्दांत आटोपले.

परत येताना भाऊसाहेब गप्प होते. कुष्ठधाम रोडच्या वळणावर त्यांनी मुलीला विचारले, "मग काय लिहायचं अर्जात?" हा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारला, असे मला वाटते.

तिने पहिली पसंती फिजिकल लिहिली आणि दुसरी ॲनालिटिकल. वहिनींचा आग्रह म्हणून तिसरी ऑरगॅनिक. पसंतीच्या रकान्यांत इनॉरगॅनिकच्या वाट्याला कुणीच आले नाही; मेंडेलीव्हची मला फार दया आली.

आणि यादी लागली तेव्हा गंमत अशी झाली की कॉलेजात फिजिकलची तुकडीच निघाली नाही. पुरेशी मुले आली नाहीत. एवढ्या चर्चा, एवढे पोहे, आणि शेवटी सूचनाफलकावरच्या एका ओळीने निकाल दिला. मुलगी ॲनालिटिकलला गेली. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि बराच वेळ काही न बोलता बसली. आमच्या सौ. नी तिला जेवायला थांबवून घेतले. मी नेहमीचे काहीतरी समजावणीचे बोलणार होतो, सौ. नी नजरेनेच मला गप्प केले. जाताना मुलगी म्हणाली, "सर, ती नळी नेऊ का?"

"तिला तडा आहे. गळते."

"चिकटवीन."

हे ऑगस्टमधले. आता दिवाळी तोंडावर आली आहे, कारखान्यांची बॉयलरपूजने होऊ लागली आहेत आणि आमच्या जिन्यात ऊस उभा आहे. खोटे नाही सांगत. आबांनी गावाहून मोळी पाठवली. थोरलीने ती वरच्या गच्चीच्या जिन्यात टेकवून ठेवली आहे. रोज एक कांडे कापायचे, रस काढायचा आणि वहीत मांडायचा. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर तिने मैत्रिणीच्या वडिलांकडून मागून आणला आहे. ते गुऱ्हाळ चालवतात. त्यावर ब्रिक्स दिसतो, म्हणजे रसात विरघळलेले सगळे मिळून किती, ते.

परवा आबा नगरला आले होते. नातीची वही त्यांनी मांडीवर घेतली. पहिल्या दिवसापेक्षा पाचव्या दिवशी ब्रिक्स चढलेला पाहून म्हातारा खूश झाला. "अगं, हा तर वाढलाय की! मग आपण उगाच रडतो व्हय गाड्या उभ्या राहिल्या म्हणून?"

"आबा, तो वाढलेला नाही. पाणी उडून गेलं, म्हणून रस दाट झाला. साखर किती राहिली ते यात कळत नाही. ते पोलरिमीटरवर कळतं." मग तिने पुढचे पान उलटले. कॉलेजच्या लॅबमध्ये रस शिसे ॲसिटेटने निवळून, गाळून, सरांच्या परवानगीने घेतलेली वाचने होती. ब्रिक्सचा आकडा वर चालला होता आणि पोलचा खाली. दोन रेघा आलेखावर कात्रीसारख्या एकमेकींना छेदून गेल्या होत्या.

आबांनी चष्मा वर केला. आलेखावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे छेदतंय ते कितव्या दिवशी?"

"ते महत्त्वाचं नाही, आबा. खालची रेघ बघा. पहिल्या दिवसापासूनच उतरतेय."

"कारखान्यातल्या केमिस्टला हे ठाऊक असंल?"

"असणारच. रोजचं काम आहे त्यांचं."

"मग आम्हाला कुणी का नाही सांगितलं?" आबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. जणू काही मीच तो केमिस्ट. एका परीने मी होतोही.

आबांनी तो आलेख घडी करून खिशात घातला. तोडीच्या टोळीच्या मुकादमाला तो दाखवणार आहेत म्हणे, आणि गटातल्या चार शेतकऱ्यांना. थोरलीने त्यांना बजावले की हा पाच-सहा उसांचा हिशेब आहे, त्यावर भांडू नका. अजून दोन मोळ्या लागतील, दुसऱ्या जातीच्या उसाच्याही. दोन मोळ्या परवाच येऊन पडल्या. वहिनी सकाळपासून जिना धूत आहेत. मुंग्यांची रांग तळमजल्यापासून थेट आमच्या दारापर्यंत आली आहे आणि फराळाचे डबे कुठे ठेवायचे, हा आमच्या सौ. ना पडलेला प्रश्न आहे.